राग ओळखण्यावर पेटंट द्यायचे का? पेटंट परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
सॉफ्टवेअरच्या पेटंट अर्जांची तपासणी करणारे सर्व परीक्षक,

विषय: ग्राहकांच्या कॉलमधील भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची पेटंटपात्रता

महोदय, महोदया,

‘ग्राहक-संभाषणातील भावना निश्चित करण्याची प्रणाली व पद्धत’ अशा किंवा याच्याशी मिळत्याजुळत्या शीर्षकाचे अर्ज तुमच्याकडे सतत येत असणार. शीर्षक वाचताच पहिला दावाही, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारे अर्जातले कलमही, डोळ्यांपुढे येत असेल: एक प्रोसेसर, एक मेमरी, कॉलचा आवाज घेणे, त्याचा मजकूर करणे, प्रशिक्षित मॉडेलकडून त्या मजकुराला भावनेचा स्कोअर मिळवणे आणि तो पडद्यावर दाखवणे. प्रोसेसर आणि मेमरी यांचा उल्लेख कशासाठी असतो, हे तुम्हालाही ठाऊक आणि लिहिणाऱ्यालाही. मंगलाष्टकांशिवाय लग्न लागत नाही, तसे ते आहे.

मी या अर्जांच्या दुसऱ्या टोकाला काम करतो. कॉलचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर बांधणे हा माझा व्यवसाय. अधूनमधून पेटंट वकील आमच्यासमोर वही उघडून बसतात आणि विचारतात, ‘यात नवीन काय?’ आम्ही जे सांगतो आणि शेवटी दाव्यात जे उतरते, त्यांत बरेच अंतर पडते. नवीन गोष्ट बहुतेक वेळा आवाजाच्या खालच्या थरात असते. पेटंट मात्र वरच्या थरावर मागितले जाते, कारण तिथे मिळाले तर कुंपण मोठे पडते. वकिलांना मी दोष देत नाही. जास्तीत जास्त मागणे हे त्यांचे कामच आहे. त्यातले किती द्यायचे ते ठरवणे तुमचे.

ते ठरवताना दोन प्रकारे गफलत होताना मला दिसते. काही परीक्षक ‘भावना’ हा शब्द दिसताच अख्खा अर्ज अमूर्त कल्पना, म्हणजे पेटंटला अपात्र, म्हणून बाजूला सारतात. काही जण आधी तसेच करतात, पण अर्जदाराने शेवटी ‘आणि त्यानुसार कॉल वरिष्ठाकडे वळवणे’ एवढी ओळ जोडली की मंजुरी देतात. पहिल्या प्रकारात खरे तंत्र मारले जाते, दुसऱ्यात काहीच नसलेल्याला वीस वर्षांची मक्तेदारी मिळते. दोन्हीकडे आवाजापासून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटच्या टोकाकडे, म्हणजे निष्कर्षाकडे, पाहिले जाते. माझी विनंती आहे की मधल्या कड्यांकडे पाहा, आणि पात्रतेचा निकाल तिथे लावा.

त्या कड्या कशा असतात, ते जरा सविस्तर सांगतो. अर्जांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो म्हणून.

टेलिफोनवरून येणारा आवाज माणसाचा पूर्ण आवाज नसतो. जुन्या टेलिफोन जाळ्याने साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला आणि डिजिटल काळात सेकंदाला ८००० नमुने हे प्रमाण रूढ झाले. जी.७११ हे आवाज डिजिटल करण्याचे १९७२ चे मानक अजूनही असंख्य कॉल वाहून नेते. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या मात्र बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. राग, घाई, थकवा यांचा माग ज्या सुराच्या चढउतारात सापडतो, तो मूळ सूर अशा फोनवर धड पोचतच नाही. त्याच्या पटीतली जी वरची कंपने पोचतात, त्यांच्यातल्या अंतरावरून तो पुन्हा काढावा लागतो. माणसाचा मेंदू हे नकळत करतो. सॉफ्टवेअरला तेच करायला लावले आणि मागे रहदारीचा आवाज असला, की सूर कधी दुप्पट मोजला जातो तर कधी निम्मा. शांतपणे पत्ता सांगणारा माणूस आलेखात एकदम किंचाळायला लागतो.

त्यात आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी यंत्रणा वाटेत बसलेली असते. ऐकणाऱ्याला ती सोयीची, आम्हाला मात्र अडचणीची, कारण ओरडणे आणि पुटपुटणे ती एकाच उंचीवर आणून ठेवते. आवाज चढला हे कळण्याचा सरळ मार्ग बंद होतो. मग आवाजाच्या पोताकडे, वरच्या आणि खालच्या कंपनांत ऊर्जा कशी वाटली गेली आहे याकडे वळावे लागते, कारण ओरडताना ते प्रमाण बदलते आणि पातळी सपाट केली तरी बरेचसे टिकून राहते.

इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या पाकिटांत जातो. पाकीट हरवले किंवा फार उशिरा आले तर पलीकडची बाजू ती जागा अंदाजाने भरते, नाहीतर तिथे शांतता राहते. आता बोलण्यातले थांबे हे चिडचिडीचे किंवा संकोचाचे लक्षण म्हणून मोजणारे मॉडेल घ्या. जाळ्याने पाडलेला खड्डा आणि माणसाने शब्द शोधत घेतलेला वेळ, हे दोन्ही त्याला एकसारखेच दिसतात. ज्यांची लाइन खराब, ते सगळे ग्राहक नाराज, असा निष्कर्ष निघतो. (लाइन खराब असल्यामुळे ते पुढे खरोखरच नाराज होतात आणि मॉडेल बरोबर होते असा आभास तयार होतो, हा भाग निराळा.) हे टाळायचे तर पाकिटांवरचे क्रमांक आणि वेळेचे शिक्के आवाजाच्या मोजमापाशी जोडावे लागतात, आणि कोणता थांबा कोणाचा ते ठरवावे लागते.

आणि अनेक जुनी रेकॉर्डिंग एकाच चॅनेलवर असतात. ग्राहक आणि कर्मचारी यांचे आवाज एकत्र. कोण केव्हा बोलले हे आधी वेगळे करावे लागते. नेमके भांडण पेटते तेव्हा दोघे एकमेकांवर चढून बोलतात, म्हणजे ज्या दहा सेकंदांसाठी सगळा खटाटोप, तीच दहा सेकंदे सर्वांत घाण असतात.

हा सगळा भाग अभियांत्रिकीचा. त्यानंतर येतो मजकूर. ‘फोन उचलायला तीन आठवडे लावलेत, फारच तत्पर आहात हो’ या वाक्यात शब्दसूचीच्या दृष्टीने नकारात्मक असे काही नाही. मॉडेलने हा टोमणा ओळखला तर मला आनंदच आहे. पण ते कसब भाषेचे आहे. लेबल लावलेली पुरेशी उदाहरणे दाखवली आणि तयार मॉडेल वापरले की ते कमीअधिक जमते. २००२ पासून संशोधक चित्रपटांच्या परीक्षणांवर हेच करत आले आहेत, आणि २०१७ नंतर आलेल्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलनी ते अधिक चांगले करून दाखवले. ग्राहकाच्या कॉलचा मजकूर तिथे घातला म्हणून नवीन काही घडत नाही.

युरोपीय पेटंट कार्यालयाने हीच सीमारेषा बरीच नीट आखली आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गणिती पद्धतींची तांत्रिक उद्दिष्टे दिली आहेत, त्यांत आवाजातील वेगवेगळे स्रोत अलग करणे आणि बोलण्याचे मजकुरात रूपांतर करणे यांचा समावेश आहे. त्याच सूचना असेही सांगतात की मजकुराचे केवळ त्याच्या आशयावरून वर्गीकरण करणे हे भाषिक उद्दिष्ट आहे, तांत्रिक नाही. टी १३५८/०९ या अपील निर्णयातून ते आले. आवाजापासून शब्दांपर्यंत तंत्र, शब्दांपासून अर्थापर्यंत भाषा. ही रेषा मला पटते. तिच्यावर आक्षेप घेणारे म्हणतात की भाषा समजणे हेही आता यंत्राचेच काम झाले आहे. झाले असेल, पण एखादे काम यंत्र करू लागले म्हणून तो प्रश्न तांत्रिक होत नाही. हिशेब ठेवणेही यंत्र करते.

अडचण अशी की कॉलमधली भावना या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी असते. सूर, लय, थांबे अलीकडे, शब्द पलीकडे. बरीच चांगली सॉफ्टवेअर दोन्ही एकत्र करतात. अशा मिश्र दाव्यांसाठी युरोपात २००२ च्या टी ६४१/०० या निर्णयाची रीत आहे: तांत्रिक परिणामात भर घालणारे घटकच शोधाच्या पातळीसाठी धरायचे, बाकीचे उद्दिष्ट म्हणून अभियंत्याच्या हाती दिले आहे असे मानायचे. आमच्या बाबतीत व्यवस्थापनाने सांगितले, ‘रागावलेले ग्राहक दाखवा.’ ती मागणी झाली. आता ती पुरी करताना अभियंत्याने जे केले त्यात सहज न सुचणारे काही आहे का, एवढेच पाहायचे. मागणी कितीही कल्पक असली तरी तिला गुण नाहीत.

अमेरिकेतला रस्ता अधिक वळणाचा. २०१४ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात दोन पायऱ्यांची कसोटी पक्की केली: दावा अमूर्त कल्पनेकडे रोखलेला आहे का, आणि असेल तर त्यात त्याहून जास्त असे काही आहे का. २०१६ मध्ये पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने इलेक्ट्रिक पॉवर ग्रुपच्या खटल्यात सांगितले की माहिती गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि निकाल दाखवणे, एवढेच असेल तर ते अमूर्त. खटला वीजजाळ्याच्या देखरेखीचा होता, पण भावना-विश्लेषणाचे नेहमीचे दावे त्यात अगदी मापून बसतात. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स या प्रकरणात आणखी एक दार बंद केले: माहीत असलेली मशीन लर्निंगची पद्धत नव्या क्षेत्रातल्या माहितीवर चालवली, एवढ्याने पात्रता मिळत नाही. तिथे प्रश्न कार्यक्रमांच्या वेळापत्रकांचा आणि प्रक्षेपणाच्या नकाशांचा होता.

याच्या उलट बाजूला २०१६ चाच मॅक्रो विरुद्ध बंदाई नामको हा निकाल आहे. ॲनिमेशनमधल्या पात्राचे ओठ बोलण्याशी जुळवण्याचे काम आधी कलाकार नजरेने करत. दाव्यात उच्चारांच्या क्रमावरून ओठांची स्थिती ठरवणारे विशिष्ट स्वरूपाचे नियम होते, आणि कलाकार करत होते त्याहून ती पद्धत वेगळी होती. न्यायालयाने तो दावा पात्र ठरवला. ‘सुपरवायझरही कॉल ऐकून राग ओळखतो, मग हे मनात करता येण्यासारखे आहे’ असे तुम्ही लिहिता तेव्हा हा निकाल आठवावा. सुपरवायझर हरवलेल्या पाकिटांचे क्रमांक मोजून राग ओळखत नाही. मात्र अर्जदार जेव्हा म्हणतो की माणसाला लाखो कॉल ऐकता येणार नाहीत म्हणून हे मानसिक काम नव्हे, तेव्हा तेही मान्य करू नका. वेग आणि संख्या ही कॉम्प्युटरची जुनीच देणगी आहे. त्यात अर्जदाराचे काही नाही.

अमेरिकी पेटंट कार्यालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या उदाहरणांपैकी ४८ वे उदाहरण माझ्या मते या विषयावरचे सर्वांत उपयोगी पान आहे. विषय एकत्र मिसळलेल्या आवाजांतून एकेक बोलणारा वेगळा काढण्याचा. पहिला दावा न्यूरल नेटवर्कने आवाजाचे सदिश, म्हणजे त्याची वैशिष्ट्ये सांगणारे आकड्यांचे संच, काढण्यापर्यंत येऊन थांबतो, तो अपात्र. दुसरा दावा त्या सदिशांचे गट पाडून, नको असलेला आवाज वगळून, पुन्हा ऐकता येईल असा ध्वनी तयार करतो, तो पात्र. तंत्र दोन्हीकडे सारखेच. एकात ते आकड्यांपाशी संपते, दुसऱ्यात सुधारलेल्या ध्वनीपर्यंत जाते. मला यात थोडा कृत्रिमपणा वाटतो, कारण चांगले मोजमाप हीसुद्धा सुधारणाच असते. तरीही कुठे पाहायचे ते या उदाहरणाने दाखवले.

भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे: गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना शोध मानत नाही. २००२ च्या दुरुस्तीने ती तरतूद आली. २००४ च्या अध्यादेशाने ती सैल करण्याचा प्रयत्न झाला, २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचना मात्र हेलकावे खात राहिल्या. २०१५ च्या सूचना काही महिन्यांत स्थगित झाल्या, २०१६ मध्ये नवीन हार्डवेअरची अट आली, २०१७ मध्ये ती गेली. ही अट किती चुकीची होती हे आमच्या क्षेत्रात लगेच दिसते. वर सांगितलेल्या एकाही अडचणीचे उत्तर नव्या हार्डवेअरमध्ये नाही. सर्व्हर तोच, हेडफोन तोच, कॉलही तोच. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान पाहा असे सांगितले, आणि २०२५ च्या सुधारित सूचनांच्या मागेही अशाच न्यायालयीन निकालांचा आधार आहे. म्हणजे इथेही प्रश्न शेवटी तोच: योगदान कुठे आहे?

ब्रिटनमधला इमोशनल परसेप्शन खटला तर नावापासूनच आमच्या विषयाशेजारचा. तिथे न्यूरल नेटवर्क गाण्यांच्या भौतिक गुणधर्मांवरून, ती माणसाला भावनिकदृष्ट्या किती सारखी वाटतील याचा अंदाज घेते आणि त्यानुसार गाणे सुचवते. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला, २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अपील न्यायालयाच्या मते सुचवलेले गाणे चांगले ठरते ते त्याच्या भावनिक गुणामुळे, आणि तो परिणाम तांत्रिक नव्हे. एकाच दाव्यावर जाणत्या न्यायाधीशांचे इतके दुमत व्हावे, याचा अर्थ निष्कर्षाकडे बघून निकाल लावणे फार घसरडे आहे.

म्हणून एक साधी वाचनपद्धत सुचवतो. दाव्यात जिथे ‘भावना’ आहे तिथे दुसरे काहीही घाला: ग्राहकाचे वय, तो खरेदी करेल याची शक्यता, त्याचा राजकीय कल. मग दावा पुन्हा वाचा. ‘मजकूर मिळवणे, मॉडेलने भावना ठरवणे, मर्यादा ओलांडल्यास कॉल वरिष्ठाकडे वळवणे’ या दाव्यात वय घातले तरी एक अक्षर हलत नाही, आणि हातात काही उरतही नाही. कोणत्याही गोष्टीला चालणारा साचा आहे तो. आता दुसरा घ्या: ‘पाकिटांच्या क्रमांकांवरून हरवलेले भाग शोधणे, त्या भागांतील थांबे वगळून बोलण्याची लय मोजणे, आणि भरून काढलेल्या ध्वनीचे मोजमाप कमी भाराने धरणे.’ इथे शेवटच्या निष्कर्षाला काहीही नाव द्या, मधे एक खरी अडचण आणि तिचे खरे उत्तर शिल्लक राहते. ते उत्तर नवीन आहे का, सहज सुचण्याजोगे आहे का, हा पुढचा प्रश्न. अनेकदा ते सहज सुचण्याजोगे निघेल आणि तुम्ही नकार द्याल. पण तो नकार योग्य कारणाने असेल.

तिसरा एक प्रकार आहे, आणि तो चतुर असतो. अर्जदार म्हणतो, आम्ही शोधून काढले की वाक्याच्या अखेरीस सूर अमुक पद्धतीने वर गेला आणि बोलण्याचा वेग तमुक इतका वाढला की ग्राहक सेवा सोडून जातो. समजा हे खरे आहे, मेहनतीने काढलेले आहे. तरी तो माणसाच्या आवाजाचा आणि मनाचा संबंध झाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेयो विरुद्ध प्रोमिथियस खटल्यात रक्तातल्या औषधाच्या घटकाचे प्रमाण आणि योग्य मात्रा यांच्या संबंधावर अशी मालकी नाकारली होती. घसा आवळला की आवाज बदलतो, यावर कोणाचे नाव लागू नये. तो बदल खराब लाइनवर मोजण्याच्या नव्या रीतीवर लागायला माझी हरकत नाही.

आणि ती शेवटची जोडओळ. कॉल वळवणे, सूचना दाखवणे, सवलत देऊ करणे, अहवाल पाठवणे. या सगळ्या कृती कॉल सेंटरमध्ये कॉम्प्युटर येण्याआधीपासून माणसे करत आली आहेत. ग्राहक तापला की फोन साहेबांकडे जायचा. या ओळीने दावा ‘व्यवहारात उतरला’ असे मानणे म्हणजे अर्जदाराला परवलीचा शब्द सांगून ठेवण्यासारखे आहे, आणि तो शब्द आता सर्वांना पाठ आहे. कृतीने प्रणालीचेच काम बदलत असेल तर गोष्ट वेगळी. मोजमाप अनिश्चित ठरलेल्या भागासाठी प्रणाली स्वतःहून अधिक रुंद पट्ट्याचा कोडेक (आवाज आकसून पाठवण्याची पद्धत) मागते, किंवा तेवढाच भाग न आकसता साठवते, अशी कृती असेल तर तिला वजन द्या.

पात्रतेच्या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मॉडेलला शिकवले कशावर? अर्जात लिहिलेले असते, ‘मॉडेल लेबल लावलेल्या कॉलवर प्रशिक्षित केले जाते.’ लेबल कोणी लावली? ऐकून की मजकूर वाचून? पर्याय किती होते, राग आणि निराशा वेगळे होते का? दोन माणसांनी तोच कॉल ऐकला तर त्यांचे कितीदा जुळले? यातले काही नसेल तर ‘भावना’ हा शब्द हवेत लटकतो. या क्षेत्रातले संशोधन वर्षानुवर्षे आवाजांच्या ज्या संग्रहांवर उभे राहिले त्यांतही भावना बहुतांशी अभिनयातून आलेल्या आहेत. २००५ चा बर्लिनचा संग्रह दहा नटनट्यांनी ठरलेली वाक्ये वेगवेगळ्या भावनांत म्हणून तयार केला. २००८ चा आयमोकॅप हा सुमारे बारा तासांचा संग्रहही दहा कलाकारांचाच. नट रागावतो तो ऐकू यावा म्हणून. खरा ग्राहक पुष्कळदा राग गिळून, अगदी सौम्य आवाजात, ‘बरं, ठीक आहे’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खाते बंद करतो. स्टुडिओत नोंदवलेल्या अभिनयावर शिकलेले मॉडेल ८००० नमुन्यांच्या फोनवर चालते असा दावा असेल, तर ते कसे चालवले हे सांगण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

ते मागायला तुमच्याकडे कायदा आहेच. पुरेसे वर्णन हवे ही अट सगळीकडे आहे. भारताच्या कलम १०(४) मध्ये तर अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणेही येते. युरोपच्या अपील मंडळाने टी १६१/१८ या प्रकरणात, रक्तदाबाच्या आलेखावरून हृदय किती रक्त ढकलते हे काढण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या अर्जात प्रशिक्षणाची माहिती कोणती असावी हे पुरेसे सांगितलेले नाही म्हणून वर्णन अपुरे ठरवले. हाच प्रश्न आमच्या अर्जांना नियमाने विचारला जावा. माझा अंदाज असा की अर्धे अर्ज पात्रतेच्या वादापर्यंत पोचणारच नाहीत, आणि उरलेल्यांचे दावे आपोआप खालच्या थराकडे, खऱ्या कामाकडे सरकतील. आम्हा बांधणाऱ्यांना ते अडचणीचे जाईल, कारण लेबलांची हकिगत सहसा फार अभिमानाने सांगण्यासारखी नसते.

जुन्या शोधांकडे पाहताना फक्त गेल्या पाचसात वर्षांचे शोधनिबंध चाळू नका. आवाजाच्या संकेतांतून भावना ओळखण्यावर अँडरसन कन्सल्टिंगने १९९९ मध्ये अमेरिकेत अर्ज केले होते आणि २००० मध्ये त्यावर पेटंटही मिळाले. म्हणजे मूळ कल्पनेची मुदत भरून ती सर्वांची झाली आहे. तीच कल्पना ‘मोठे भाषा-मॉडेल वापरून’ एवढ्या शब्दांनिशी परत येत असेल तर त्यात नवीन काय ते विचारा.

काही परीक्षकांना अशी सॉफ्टवेअर मुळातच आवडत नाहीत, हे मी समजू शकतो. मलाही ती सगळ्या वापरांसाठी आवडत नाहीत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी आवाज-चेहऱ्यासारख्या जैविक माहितीवरून माणसांच्या भावना ताडण्यास, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे सोडता, बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. युरोपीय आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार कॉल सेंटरने कर्मचाऱ्यांचा राग आवाजावरून टिपणे बंदीत येते, ग्राहकाचा टिपणे त्या बंदीत येत नाही. तारेच्या एका टोकाला चालते, दुसऱ्या टोकाला नाही, आणि सॉफ्टवेअर तेच. तरीही हा मुद्दा पात्रतेत मिसळू नये. पेटंट म्हणजे वापरण्याचा परवाना नव्हे. आणि स्थानिक कायद्याने विक्रीवर बंधन आहे एवढ्यावरून पेटंट नाकारता येत नाही, हे औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारात आहेच. नापसंतीमुळे ‘अमूर्त’ असा शेरा मारला तर त्याच शेऱ्याचे ओझे उद्या श्रवणयंत्राच्या अर्जावर पडते.

आता मागणे. नकार द्या किंवा मंजुरी, तुमच्या अहवालात साखळीची कडी नाव घेऊन लिहा: योगदान ध्वनी मिळवण्यात आहे, तो दुरुस्त करण्यात आहे, मोजण्यात आहे, मजकूर करण्यात आहे, की नुसता अर्थ लावण्यात. ‘दावा संपूर्णपणे पाहता अमूर्त आहे’ या वाक्याने अर्जदार काही शिकत नाही आणि पुढच्या फेरीत फक्त शब्द बदलून येतो. हे अहवाल आम्हीही वाचतो. पुढचा अर्ज कसा लिहायचा हे त्यावरूनच ठरते.

आणि सुनावणी असेल तेव्हा वकिलाबरोबर सॉफ्टवेअर बांधणाऱ्यालाही बोलवा. त्याला कायद्याचे काही विचारू नका. लाइन तुटक असताना, दोघे एकदम बोलत असताना तुमची प्रणाली नेमके काय करते, एवढे विचारा, आणि त्याचे उत्तर दाव्यात कुठे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

आपला,
कॉल-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बांधणारा एक अभियंता